परशुराम, परशराम, परसाप्पा : एकाच नावाची तीन घरे

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका तरुण गृहस्थांनी मला लिहून विचारले आहे की, त्यांच्या आजोबांचे नाव जुन्या मराठी उताऱ्यावर 'परशराम', कन्नड पहाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यात, 'परसाप्पा' आणि आधार कार्डावर 'परशुराम' असे आहे. आजोबा गेल्या वर्षी वारले, आता घरात मुलगा जन्मला आहे आणि त्याला आजोबांचेच नाव ठेवावे अशी सगळ्यांची इच्छा आहे. शाळेत शिक्षक असलेल्या एका नातेवाइकाने मात्र 'परशराम हे अशुद्ध आहे, परशुराम असेच लिहा' असा आग्रह धरला आहे. तेव्हा यातले खरे नाव कोणते, आणि हे नाव आपल्यासारख्या शेतकरी मराठा घरात आले कोठून, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली एकतीस वर्षे बेळगावात मराठी आणि कन्नड कागदपत्रांचे भाषांतर, वारसा नोंदी आणि नावांतील तफावतीची प्रतिज्ञापत्रे हेच काम करतो. या काळात माझ्या टेबलावरून जी नावे सर्वाधिक वेळा गेली, त्यांत हे एक आहे. म्हणून उत्तर आधीच सांगतो: तिन्ही नावे खरी आहेत, आणि 'परशराम' अशुद्ध मुळीच नाही. कागदावर मात्र एकच रूप धरून चालावे लागते. का, ते थोडे विस्ताराने लिहितो.

संस्कृतात 'परशु' म्हणजे कुऱ्हाड, लढाईत वापरायचे रुंद पात्याचे शस्त्र. शब्द फार जुना आहे. ग्रीक भाषेतील 'पेलेकुस' हा कुऱ्हाडीसाठीचा शब्द त्याचाच दूरचा भाऊबंद मानला जातो. गणपतीच्या हातातला परशु आपण दरवर्षी पाहतो, आणि मराठीतली 'फरशी' नावाची कुऱ्हाडही याच कुळातली आहे. घरात जमिनीवर घालतात ती फरशी वेगळी. ती 'फर्श' या अरबी-फारसी शब्दावरून आली. परशु धारण करणारा राम तो परशुराम, इतका या नावाचा अर्थ सरळ आहे.

परंतु महाभारतात डोकावले तर एक गोष्ट लक्षात येते. तिथे या पुरुषाचे नाव बहुतेक ठिकाणी नुसते 'राम' असे आहे; कधी 'जामदग्न्य राम', म्हणजे जमदग्नीचा मुलगा, तर कधी 'भार्गव राम', म्हणजे भृगूच्या कुळातला. वनपर्वात जमदग्नी आणि रेणुका यांना रुमण्वान, सुषेण, वसु, विश्वावसु आणि राम असे पाच पुत्र सांगितले आहेत. अयोध्येचा राम, कृष्णाचा थोरला भाऊ बलराम आणि हा राम, अशा तिघांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्याच्या नावामागे शस्त्र लागले आणि पुढे तेच रूढ झाले. म्हणजे 'परशुराम' हे नावच मुळात एका नावाचे तीन धनी झाले तेव्हा ओळख पटवण्यासाठी घडलेले आहे. आपल्या गावात एकाच नावाचे दोन मारुती असले की एकाला 'मळ्यातला' आणि दुसऱ्याला 'वेशीतला' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार आहे. 'भार्गवराम' हे नावही पेशवाईच्या काळात चांगले चालत असे, आणि हल्ली शहरात 'भार्गव' पुन्हा ऐकू येऊ लागले आहे.

आता 'परशराम' आणि 'परसू' यांच्याकडे वळू, कारण नातेवाईक शिक्षकांचा आक्षेप तिथे आहे. संस्कृतातले 'श' आणि 'ष' महाराष्ट्री प्राकृतात 'स' होतात, हा तिचा ठळक नियम आहे. त्या नियमाने 'परशु' चा 'परसु' होतो. म्हणजे आपल्या गावातली म्हातारी ओट्यावर बसून 'ये परसू' अशी हाक मारते, तेव्हा ती शब्द बिघडवत नसते. दीड-दोन हजार वर्षे बोलीतून वाहत आलेले रूप तिच्या तोंडी असते. 'परशराम' हे अलीकडचे आणि मधले रूप आहे: संस्कृताचा 'श' पुन्हा आला, पण मधला उकार बोलताना टिकला नाही. तेही काही आडगावचे नव्हे. उत्तर पेशवाईतील प्रसिद्ध शाहीर, सिन्नरजवळच्या बावी गावचे, मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'परशराम' याच नावाने नोंदले गेले आहेत. त्यांना कोणी 'शाहीर परशुराम' करून शुद्ध केले नाही, आणि करूही नये. हिंदी मुलखात तर याच नावावर एक म्हण आहे: माया के तीन नाम, परसू, परसा, परसराम. पैसा नसताना परसू, थोडा आला की परसा, आणि श्रीमंत झाला की परसराम. नाव एकच असते, बदलते ती समोरच्याने द्यायची पत. आपल्याकडे शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली पुष्कळदा हीच पत मोजली जाते, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

'परसाप्पा' ची गोष्ट निराळी आहे. 'अप्पा' म्हणजे कन्नडमध्ये वडील, आणि नावापुढे आदरार्थी लागणारा शब्दही तोच. नाग-नागाप्पा, बसव-बसाप्पा, यल्लम्मेवरून यल्लाप्पा, तसा परसू-परसाप्पा. आपल्या भागात हा 'आप्पा' भाषेची सीमा मानत नाही. मराठी बोलणाऱ्या घरांत नागाप्पा, यल्लाप्पा, बाळाप्पा ही नावे पिढ्यानुपिढ्या आहेत आणि त्यामुळे कोणी कन्नड होत नाही की कोणी मराठी राहायचा थांबत नाही. 'परसाप्पा' पाहून घरात कोणाला असे वाटले असेल की सरकारी लेखनिकाने आजोबांना कन्नड नाव चिकटवले, तर तो समज सोडून द्यावा. बहुधा गावातली माणसे त्यांना तशीच हाक मारत असावीत आणि लेखनिकाने जे ऐकले ते लिहिले. इथे एक सुंदर योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. जुन्या कन्नडमध्ये 'परसु' असे एक क्रियापद होते, त्याचा अर्थ आशीर्वाद देणे. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा 'प' पुढे 'ह' झाला, तसे ते आजचे 'हरसु' झाले. या क्रियापदाचा आपल्या नावाशी व्युत्पत्तीचा संबंध नाही, पण नातवाच्या कानात आजोबांचे नाव सांगताना तो अर्थ मनात असायला काय हरकत आहे?

आता हे नाव शेतकरी घरात कोठून आले, त्याविषयी. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण परशुराम म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे कोकणची कथा येते: समुद्र मागे हटवून भूमी मिळवणारा परशुराम, चिपळूणजवळचे त्याचे देवस्थान, अक्षय्य तृतीयेची जयंती. त्यावरून हे नाव ब्राह्मण घरांचे, असा एक समज पसरला आहे. दुसऱ्या बाजूने, परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मग स्वतःला क्षत्रिय म्हणवणाऱ्या मराठा घरांत हे नाव इतके कसे, असेही मला अनेकांनी विचारले आहे. दोन्ही शंकांचे उत्तर बेळगावाहून पूर्वेला, सौंदत्तीच्या डोंगरावर आहे.

सौंदत्ती म्हणजे रट्ट राजघराण्याची जुनी राजधानी सुगंधवर्ती. या तालुक्याचे जुने नाव परसगड, आणि त्या नावाचा किल्लाही तिथेच आहे. गावाजवळच्या डोंगरावर यल्लम्मा, म्हणजे रेणुका. त्याच परिसरात जमदग्नीचे आणि परशुरामाचेही स्थान आहे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, धारवाड, विजयपूर या सगळ्या भागांतून माणसे तिथे लोटतात; बैलगाड्यांच्या रांगा मी लहानपणी पाहिल्या आहेत, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो असतात. 'उदो उदो' चा गजर मराठी आणि कन्नड तोंडांतून एकाच वेळी उठतो. ज्या घरांची ही देवी आहे, त्या घरांत परशुराम हा क्षत्रियांचा काळ म्हणून ओळखला जात नाही. तो आईचा मुलगा म्हणून ओळखला जातो. वनपर्वातल्या कथेत बापाच्या आज्ञेने तो आईचे मस्तक उडवतो, आणि बाप प्रसन्न होऊन वर माग म्हणतो तेव्हा पहिली मागणी करतो ती आई जिवंत व्हावी अशी. दुसरी अशी की, आपल्याला मारले गेले हे तिला आठवू नये. डोंगरावर जाणाऱ्या बाईला एकवीस लढायांशी कर्तव्य नसते. तिला या दुसऱ्या वराशी कर्तव्य असते. तिने देवीला नवस बोलून मुलगा मागितला आणि तो झाला, तर मुलीचे जसे यल्लूबाई किंवा रेणुका, तसे मुलाचे यल्लाप्पा किंवा परशराम. त्यामुळे आपल्या भागात हे नाव मराठा, धनगर, बेरड, चर्मकार, मातंग अशा अनेक समाजांत सारखेच आढळते, आणि कोणा एकाची मालकी त्यावर नाही. नवसाचे नाव ठेवणे आणि मूल देवीला 'सोडणे' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच स्पष्ट केलेले बरे. मुलींना देवदासी म्हणून सोडण्यावर कर्नाटकाने 1982 च्या कायद्याने बंदी आणली. नुसत्या नावाचा त्या प्रथेशी संबंध नाही, आणि अशा नावाच्या माणसाकडे कोणी तशा नजरेने पाहत असेल तर तो त्याच्यावर अन्याय आहे.

दरबारी आणि लष्करी घराण्यांतही हे नाव होतेच. परशुराम त्र्यंबक हे छत्रपती राजाराम आणि महाराणी ताराबाई यांच्या काळात पुढे आलेले आणि शाहूंच्या कारकिर्दीत प्रतिनिधीपद भोगलेले मुत्सद्दी. ते 1718 मध्ये वारले. आपल्या भागाशी अधिक जवळचे नाव परशुरामभाऊ पटवर्धनांचे. 1790-91 मध्ये टिपूच्या फौजेने धरलेल्या धारवाडला मराठ्यांचा वेढा पडला, तो त्यांच्या नेतृत्वाखाली. आणि 1799 मध्ये कोल्हापूरकरांशी झालेल्या पट्टणकुडीच्या लढाईत ते पडले. पुढे पटवर्धनांच्या जमखंडी शाखेत हेच नाव पुन्हा आले. पुण्यात 1916 मध्ये न्यू पूना कॉलेज म्हणून सुरू झालेले आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय ज्यांचे नाव चालवते, ते जमखंडीचे अधिपती होते, धारवाडच्या वेढ्यातले सेनापती नव्हेत. या दोघांची गल्लत मी शिकलेल्या माणसांनाही करताना पाहिले आहे. जाता जाता, 'पारसनीस' या आडनावाचा परशुरामाशी संबंध नाही. ते फारसीनवीस, म्हणजे फारसी पत्रव्यवहार लिहिणारा, यावरून आले आहे.

पणजोबांचे नाव पणतवाला आणि आजोबांचे नातवाला, ही रीत जमखंडीच्या वाड्यात जशी होती तशीच खानापूरच्या कौलारू घरातही आहे, आणि कागदपत्रांतला गोंधळ खरा इथून सुरू होतो. घरात सासऱ्याचे नाव मुलाला ठेवले की सून ते नाव तोंडाने घेत नाही. ती मुलाला 'आप्पा' म्हणते, 'बाळू' म्हणते, कोणी 'आज्जा' सुद्धा म्हणते. मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत सगळ्या गल्लीत बाळू असतो. शाळेत नाव घालायला आई एकटी गेली तर दाखल्यावर बाळू लागते, आजोबा गेले तर परशराम लागते, आणि पुढे चाळीस वर्षांनी 'बाळू आणि परशराम ही एकच व्यक्ती आहे' असे प्रतिज्ञापत्र मला लिहावे लागते.

नवऱ्याच्या नावाचीही तीच कथा. पुष्कळ वर्षांपूर्वी येळ्ळूरकडच्या एक सत्तरीच्या आजी वारसा नोंदीच्या कामासाठी माझ्याकडे आल्या होत्या. मयताचे नाव सांगा म्हटले तर त्या गप्प. शेजारी बसलेला पुतण्या सांगू लागला, तर त्यांनी हाताने त्याला थांबवले. नवऱ्याचे नाव दुसऱ्याने परस्पर सांगावे, हेही त्यांना रुचले नाही. मग पदर सावरून म्हणाल्या, "डोंगरावरच्या आईच्या ल्योकाचं नाव हाय बगा." मी 'परशराम' लिहिले आणि वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली. त्यानंतर मी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी त्या अक्षरांवर, वाचता येत नसताना, अंगठ्याने हळूच हात फिरवला. शाईचा अंगठा उठवायच्या आधी. त्या दिवसापासून मी कोणाच्याही मृत माणसाच्या नावातला उकार स्वतःच्या मर्जीने दुरुस्त केलेला नाही.

त्याआधी केला होता. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एका भाषांतरात 'परशराम' दिसले आणि व्याकरणाच्या अभिमानाने मी ते 'परशुराम' केले. मूळ दस्त आणि भाषांतर यांत तफावत दिसल्याने ते प्रकरण अडले आणि त्या कुटुंबाला आठ महिने हेलपाटे पडले. चूक सर्वस्वी माझी होती. भाषांतरकाराने नावाचे भाषांतर करायचे नसते आणि शुद्धीकरण तर त्याहून नाही, हे मी त्या कुटुंबाच्या खर्चाने शिकलो.

आपल्या जिल्ह्यात ही तफावत इतकी का, त्याला इतिहासही कारण आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्यामुळे जुने दस्त मराठीत आहेत, त्यांतले पुष्कळसे मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि घाईच्या हस्ताक्षरात उकार सहज हरवतो. त्यानंतर कारभार कन्नडमध्ये गेला आणि नावे लिपी बदलून उतरवली गेली. 2000 च्या सुमारास 'भूमी' योजनेत पहाण्या संगणकावर चढल्या तेव्हा हाताने लिहिलेले जे दिसले ते टंकले गेले. शेवटी आधार कार्डावर इंग्रजीतून नाव आले. म्हणजे एक नाव मोडी, देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा चार लिप्यांतून गेले. प्रत्येक टप्प्यावर ऐकणारा आणि लिहिणारा वेगळा. आपल्या शहराचे नावही वेणुग्राम, बेळगाव, बेळगावी असे फिरले आहे, तिथे माणसाच्या नावाचे काय?

आता प्रत्यक्ष काय करावे. आजोबांच्या बाबतीत कोणतेही नाव बदलण्याच्या किंवा दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. मृताचे आधार कार्ड दुरुस्त करायचा तर विचारही नको. वंशावळ आणि वारसा अर्जात त्यांचे नाव 'परशराम उर्फ परसाप्पा उर्फ परशुराम' असे लिहा, त्यांच्या वडिलांचे नाव आणि आडनाव जोडा, आणि तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून त्याला तिन्ही कागदांच्या प्रती लावा. उर्फ हा छोटा शब्द सीमाभागातल्या माणसाचा मोठा आधार आहे. कन्नड अर्जातही तो तसाच चालतो. पहिले नाव कोणते ठेवायचे, तर ज्या कागदावर जमिनीचा मूळ हक्क उभा आहे त्यावरचे.

बाळाच्या बाबतीत माझे मत विचाराल तर 'परशराम' ठेवा. आजोबांनी सही त्याच नावाने केली असेल तर दुसरा विचारच नको. 'परशुराम' ठेवले तरी चूक नाही, पण ते केवळ कोणी अशुद्ध म्हणाले म्हणून ठेवू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, मात्र नाव त्याच वेळी द्यावे लागते असे नाही. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. तेव्हा बारसे होईपर्यंत घाई नको.

नोंदणी कार्यालयात तुमच्याकडून नाव कन्नड आणि इंग्रजीत घेतले जाईल. तिथे तोंडी सांगू नका. घरूनच एका कागदावर कन्नड आणि इंग्रजी अक्षरे लिहून न्या. कन्नडमध्ये 'श' ला उकार नाही, आणि तालव्य 'श' आहे, 'स' नव्हे, हे कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. इंग्रजीत 'श' साठी एस आणि एच ही दोन्ही अक्षरे घाला. नुसता एस घातला की पुढे कोणी परसराम वाचतो आणि नवी तफावत जन्माला येते. आजोबा आणि नातू यांचे नाव आणि आडनाव सारखे राहणार असल्याने बाळाच्या नावात वडिलांचे नाव मधे पूर्ण लिहा, नुसते आद्याक्षर नको. प्रमाणपत्र हातात आले की खिडकीसमोरून हलण्याआधी प्रत्येक अक्षर वाचा, आणि शाळेत नाव घालायला जाताना तेच प्रमाणपत्र न्या. घरात मात्र त्याची आई त्याला काय म्हणते, ते तिच्यावर सोडा.